तुटलेला बोल्ट काढण्याचे शिक्षण अभ्यासक्रमात हवे

मा. संपादक,

स.न.वि.वि.

इंजिन-दुरुस्तीचे शिक्षण देणाऱ्या कार्यशाळांतील एका उणिवेकडे आपल्या वृत्तपत्राद्वारे शिक्षकांचे, अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांचे आणि गॅरेजचालकांचे लक्ष वेधावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे. विद्यार्थी इंजिन उघडायला शिकतो, भाग मोजायला शिकतो, ते पुन्हा जोडायला शिकतो. परंतु ज्या इंजिनावर तो हे सारे करतो, ते शेकडो हातांनी पूर्वी उघडलेले असते. त्याचे बोल्ट स्वच्छ, तेलकट आणि पान्याच्या पहिल्याच हिसक्याला सुटणारे असतात. प्रत्यक्ष कामावर मात्र त्याच्यासमोर अनेक वर्षे उष्णता, ओल आणि मीठ सोसलेले इंजिन येते आणि त्यातला एखादा बोल्ट डोके हातात देऊन उरलेले अंग आतच ठेवतो. त्या क्षणी काय करायचे, हे त्याला कोणीही पद्धतशीर शिकवलेले नसते. मग जो ज्येष्ठ मेकॅनिक शेजारी असेल त्याची सवय, चांगली असो वा वाईट, तीच त्याची विद्या होऊन बसते.

हा विषय किरकोळ समजला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. तुटलेला बोल्ट स्वतः स्वस्त वस्तू आहे, पण तो ज्या सिलिंडर हेडमध्ये किंवा ब्लॉकमध्ये अडकलेला असतो, ती इंजिनातील सर्वांत महाग ओतकामे असतात. चुकीच्या जागी पडलेले एक ड्रिल पाण्याच्या वाटेत घुसले किंवा हेडला तडा गेला, तर किरकोळ दुरुस्तीचे रूपांतर पूर्ण भाग बदलण्यात होते. शिवाय हे काम शिकवण्याजोगे आहे. त्यात धातूंचे प्रसरण, घर्षण, पिळाची ताकद आणि पोलादाचा कठीणपणा अशा वर्गात शिकवल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा उपयोग होतो, आणि वर्गातील सूत्र हाताला कळण्याची अशी संधी दुसऱ्या कोणत्याही प्रात्यक्षिकात क्वचितच मिळते.

पहिला पाठ अवजाराला हात लावण्यापूर्वीचा असावा, आणि तो म्हणजे बोल्ट का तुटला हे ओळखण्याचा. घट्ट करताना प्रमाणाबाहेर जोर लावल्याने तुटलेला बोल्ट आणि सोडवताना गंजामुळे तुटलेला बोल्ट वरून सारखेच दिसतात, पण त्यांचे उपाय अगदी वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात डोके तुटताच बोल्टमधील ताण नाहीसा होतो आणि उरलेला तुकडा आट्यांमध्ये, म्हणजे पिळाच्या खाचांमध्ये, जवळजवळ सैल असतो. टोकदार आखणीने किंवा बारीक पंचने कडेला हलकेच टोचत उलटे फिरवले, तरी तो अनेकदा वर येतो. दुसऱ्या प्रकारात आटे गंजाने भरलेले असतात. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा व्यापत असल्यामुळे बोल्ट आतल्या आत आवळला जातो, आणि तेथे टोचून काहीही साधत नाही. तिसरी शक्यता थकव्याने तुटण्याची असते. तुटलेल्या पृष्ठभागावर गुळगुळीत भाग, त्यावर किनाऱ्यावरील लाटांच्या खुणांसारख्या रेषा आणि शेवटी थोडा खडबडीत भाग दिसला, तर तो बोल्ट बराच काळ हळूहळू चिरत गेला असे समजावे आणि शेजारचे बोल्टही तपासावेत. विद्यार्थ्याला भिंग हातात देऊन हे तीन प्रकार शेजारी शेजारी दाखवले, तर एका तासात जे कळेल ते पुस्तकाच्या अनेक पानांतून कळणार नाही.

याबरोबर आणखी काही गोष्टी पाहायला हव्यात. बोल्ट पृष्ठभागाच्या वर तुटला आहे, बरोबरीने तुटला आहे की आत खोल तुटला आहे; भोक आरपार आहे की बंद; भोवतालचा धातू बीड (ओतीव लोखंड) आहे की ॲल्युमिनियम; आणि बोल्ट कोणत्या दर्जाचा आहे. तुटून हातात आलेल्या डोक्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असे आकडे असतात. त्यातील पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की ताणशक्ती मेगापास्कलमध्ये मिळते, म्हणजे १०.९ दर्जाचा बोल्ट साधारण १००० मेगापास्कलचा असतो आणि त्याला साधे ड्रिल सहज लागत नाही. म्हणून तुटलेले डोके फेकून देणे ही या कामातील पहिली चूक आहे, असे मी मानतो.

पुढचा टप्पा भेदक तेलाचा, म्हणजे गंजलेल्या फटींत झिरपणाऱ्या पातळ तेलाचा आहे. त्यात सांगण्याजोगे फार नाही: तेल घालावे, हातोडीने बोल्टच्या माथ्यावर हलके ठोके द्यावेत, वेळ द्यावा, पुन्हा घालावे. घाईत हा वेळ दिला जात नाही, म्हणून पुढचे बरेच प्रश्न उभे राहतात.

उष्णतेबद्दल मात्र सविस्तर शिकवले पाहिजे, कारण सर्वाधिक गैरसमज तेथेच आहेत. एक अंश तापमानवाढीला ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दर मीटरला ॲल्युमिनियम सुमारे २३ मायक्रॉन, तर पोलाद सुमारे १२ मायक्रॉन वाढते. त्यामुळे ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये अडकलेल्या ८ मिलिमीटरच्या पोलादी बोल्टभोवतीचा भाग १५० अंशांनी तापवला, तर बोल्टही तितकाच तापला असे धरूनसुद्धा भोक त्याच्यापेक्षा एक शतांश मिलिमीटरहून थोडे अधिक मोठे होते. हे अंतर डोळ्यांना दिसत नाही, पण पकड ढिली करायला आणि तेल आत शिरायला ते पुरेसे ठरते. हाच विचार बीडाच्या ब्लॉकला लावला तर फसगत होते, कारण बीड आणि पोलाद यांचे प्रसरण जवळपास सारखे असते आणि दोन्ही एकत्र तापवून हाती काही लागत नाही. तेथे बोल्टलाच थोडक्या वेळात मंद लाल होईपर्यंत तापवावे लागते. तो फुगू पाहतो, भोवतालचा थंड धातू त्याला फुगू देत नाही, तो आट्यांमध्ये चेपला जातो आणि थंड होताना आकसून गंजापासून सुटतो. गरम असताना मेणबत्तीचे मेण कडेला लावले तर ते वितळून आट्यांत ओढले जाते, हाही अनेक जुन्या कारागिरांचा खात्रीचा उपाय आहे.

ॲल्युमिनियमवर ज्योत धरताना एक धोका विद्यार्थ्याच्या मनावर ठसवला पाहिजे. पोलाद तापते तसे रंग बदलून इशारा देते. ॲल्युमिनियम असा कोणताही इशारा देत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि हेडसाठी वापरली जाणारी सिलिकॉनयुक्त मिश्रधातू त्याच्या आधीच. तोवर ती दिवसाउजेडी लाल दिसत नाही, एकदम खचते. वितळण्याच्या पुष्कळ आधी, साधारण २०० अंशांच्या वर बराच वेळ ठेवल्यास, उष्णता-प्रक्रिया केलेल्या हेडची ताकदही उतरू लागते. म्हणून तापमान दाखवणारा खडू किंवा तापमापी वापरण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

तुटलेल्या अंगावर नट वेल्ड करण्याची पद्धत ही माझ्या मते या विषयाचा गाभा आहे, आणि ती फार थोड्या ठिकाणी नीट शिकवली जाते. बोल्टच्या उरलेल्या टोकावर वॉशर, त्यावर नट ठेवून नटाच्या छिद्रातून आत वेल्डिंग भरले, की तुकड्याला नवे डोके मिळते. शिवाय वेल्डिंगची तीव्र उष्णता नेमकी बोल्टमध्येच उतरते आणि आवळलेले आटे मोकळे करते. एकाच क्रियेतून दोन कामे होतात, हे या पद्धतीचे बळ आहे. भोवताली ॲल्युमिनियम असेल तर पोलादाचे वेल्डिंग त्याला धरत नाही, त्यामुळे पृष्ठभागाच्या थोडा खाली तुटलेला तुकडाही काळजीपूर्वक थेंबाथेंबाने वर आणता येतो. भोवताली बीड असेल तर मात्र वेल्डिंग भोकाच्या भिंतीला चिकटण्याची भीती असते. नट वेल्ड केल्यावर लाली पूर्ण जाईपर्यंत थांबावे, मग पाना लावून आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने आणि मग सोडवण्याच्या दिशेने, असे थोडे थोडे पुढे-मागे करत बोल्ट काढावा. वेल्ड तुटले तर खचून जाऊ नये. प्रत्येक वेळच्या उष्णतेने आतला गंज आणखी सुटत असतो, म्हणून पुन्हा नट लावावा. वाहनातच बसवलेल्या इंजिनावर हे काम करायचे असेल, तर आधी बॅटरीची जोडणी आणि नियंत्रण यंत्रणेची जोडणी काढावी, आणि वेल्डिंगचा अर्थिंग चिमटा कामाच्या जागेजवळच लावावा, म्हणजे विद्युतप्रवाह बेअरिंगांमधून जाणार नाही.

ड्रिल करण्याचा मार्ग यानंतर यावा. बहुतेक ठिकाणी तो सर्वांत आधी येतो आणि नुकसान तेथून सुरू होते. तुटलेला पृष्ठभाग वाकडातिकडा असतो. त्यावर तसेच ड्रिल टेकवले तर ते उताराने मऊ धातूकडे, म्हणजे नेमके ॲल्युमिनियमकडे, सरकते. म्हणून कानशीने किंवा लहान ग्राइंडरने माथा सपाट करावा, मध्य मोजून सेंटर पंच मारावा आणि शक्य असेल तेथे भोकात घट्ट बसणारी मार्गदर्शक नळी वापरावी. एम ८, म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टचे उदाहरण घेऊ. त्यात ५ मिलिमीटरचे छिद्र अगदी मधोमध पडले, तरी त्याच्या कडेपासून ब्लॉकच्या आट्यांपर्यंत जेमतेम ०.८ मिलिमीटर अंतर उरते. छिद्र एवढेही कडेला गेले की आटे खरवडले गेलेच. हा आकडा विद्यार्थ्याने स्वतः कागदावर काढावा, म्हणजे पंच मारण्यापूर्वी दोनदा का मोजायचे हे त्याला सांगावे लागणार नाही. ड्रिल डाव्या फिरकीचे असावे आणि ड्रिल यंत्र उलट्या दिशेने, कमी वेगाने चालवावे. कापताना निर्माण होणारी उष्णता आणि ओढ मिळून पुष्कळदा बोल्ट ड्रिलबरोबरच फिरून वर येतो. नाही आला तर छिद्र टप्प्याटप्प्याने ६.५ मिलिमीटरच्या आसपास न्यावे. मग बोल्टच्या आट्यांची पातळ वेटोळी तेवढी उरते. ती आखणीने आत ढकलून बारीक पकडीने ओढून काढता येते आणि मूळ आटे शाबूत राहतात.

आता ईझी आऊटविषयी. तुटलेल्या बोल्टमध्ये छिद्र पाडून त्यात उलटे फिरवण्याच्या या निमुळत्या, डाव्या पिळाच्या अवजाराला सर्वाधिक मान दिला जातो आणि सर्वाधिक नुकसानही त्यानेच होते. गोल दांड्याची पीळ सोसण्याची ताकद त्याच्या व्यासाच्या घनावर अवलंबून असते. व्यास निम्मा झाला की त्याच धातूची ताकद आठव्या हिश्श्यावर येते. एम ८ बोल्टचे आतले अंग सुमारे ६.५ मिलिमीटरचे असते. ते ज्या पिळाने तुटले, तोच पीळ ४ मिलिमीटर जाडीच्या ईझी आऊटने द्यावा, अशी अपेक्षा आपण करतो. केवळ आकाराचा विचार केला तर त्याची ताकद बोल्टच्या सुमारे चौथाई आहे. ते अधिक कठीण पोलादाचे असते म्हणून काहीशी भर पडते, पण कठीण म्हणजेच ठिसूळही. ते वाकून सूचना देत नाही, एकदम तुटते. शिवाय निमुळत्या आकारामुळे ते पाचरीप्रमाणे पोकळ झालेल्या बोल्टला फुगवून आणखी आवळते. आणि ते आत तुटले, की पाणी पाजलेल्या त्या कठीण तुकड्याला नेहमीचे हाय-स्पीड स्टीलचे ड्रिल ओरखडाही काढू शकत नाही. ज्या बोल्टचा तुकडा मुळात सैल आहे त्याच्यासाठी हे अवजार उत्तम आहे. गंजाने जखडलेल्या बोल्टसाठी, आधी उष्णता दिलेली नसेल तर, ते वापरूच नये, असा स्पष्ट नियम विद्यार्थ्यांना द्यावा. सरळ कडांचे, कमी फुगवणारे प्रकारही मिळतात आणि ते अधिक बरे असतात, तरी घनाचा हिशेब त्यांनाही चुकत नाही.

ईझी आऊट किंवा टॅप (आटे पाडण्याचे अवजार) आत तुटलाच, तर विद्युत ठिणगीने धातू झिजवणारी यंत्रे उपयोगी पडतात. सोव्हिएत संघातील लाझारेंको दांपत्याने १९४३ च्या सुमारास ठिणगीच्या झिजेचा असा उपयोग विकसित केला. त्याच काळात अमेरिकेतील काही अभियंत्यांनी ॲल्युमिनियमच्या ओतकामांत तुटून अडकलेले टॅप आणि ड्रिल काढण्यासाठीच अशी यंत्रे बनवली. आज साचे घडवणाऱ्या कारखान्यांचा आधार असलेल्या तंत्राच्या जन्मात तुटलेल्या अवजारांचा वाटा आहे, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे, कारण त्यामुळे या कामाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलेल. घड्याळ दुरुस्त करणारे पितळेत तुटलेला पोलादी स्क्रू तुरटीच्या गरम द्रावणात विरघळवतात, तेही याच ओघात दाखवण्यासारखे आहे. बीडाच्या ब्लॉकला तो उपाय का चालणार नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीच सोडवावा. आटे गेलेच तर तारेच्या वेटोळ्याचा हेलिकॉइल किंवा भरीव पोलादी इन्सर्ट बसवण्याचा सराव द्यावा. नीट बसवलेला इन्सर्ट ॲल्युमिनियममधील मूळ आट्यांपेक्षा सहसा अधिक मजबूत ठरतो, त्यामुळे त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

हे शिकवायला महागड्या साधनांची गरज नाही. बीडाचे आणि ॲल्युमिनियमचे ठोकळे घ्यावेत, त्यांत आटे पाडून बोल्ट बसवावेत, काही ठोकळे मिठाच्या पाण्यात आलटून पालटून भिजवून व वाळवून काही आठवडे गंजू द्यावेत, काही बोल्टांना आटे चिकटवणारे द्रव्य लावावे आणि मग त्यांना करवतीने अर्धवट चिरून वर, बरोबरीने आणि आत, अशा तिन्ही ठिकाणी तोडावे. काही बोल्ट विद्यार्थ्यांनी स्वतः टॉर्क पान्याने, म्हणजे पिळाचा जोर मोजणाऱ्या पान्याने, पिळून तोडावेत, असा माझा विशेष आग्रह आहे. एम ८ आकाराच्या ८.८ दर्जाच्या बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतात. त्यापुढे पाना नेत राहिले, की एका ठिकाणी पाना फिरत राहतो पण विरोध वाढत नाही. बोल्ट ताणला जाऊ लागल्याची ही जाणीव एकदा मनगटात बसली, की माणूस त्या जागी आपोआप थांबतो, आणि पुढच्या आयुष्यात किती बोल्ट तुटण्यापासून वाचतील याची गणती नाही. पान्याने दिलेल्या जोरातील सुमारे नऊ-दशांश भाग घर्षणातच खर्च होतो, म्हणून आट्यांना तेल किंवा जाम-प्रतिबंधक मलम लावले असताना तोच आकडा ठेवला तर बोल्ट अधिक ताणला जातो, हेही त्याच तासाला प्रत्यक्ष दाखवता येते. तसेच बंद भोकात तेल साचलेले असताना बोल्ट घट्ट केला, तर कोंडलेल्या तेलाच्या दाबाने ओतकामाला तडा जाऊ शकतो.

ठोकळा बिघडवण्याची मुभा विद्यार्थ्याला असलीच पाहिजे. सध्या सरावाचे इंजिन खराब होईल या भीतीने शिक्षक अवघड बोल्टाजवळ विद्यार्थ्याला जाऊ देत नाहीत आणि ते काम स्वतः उरकतात. त्यांची अडचण मला समजते, पण त्यामुळे पहिली चूक ग्राहकाच्या इंजिनावर घडते.

सुरक्षेबाबत चष्मा आणि हातमोजे यांची सूचना सर्वत्र लिहिलेली असते. ड्रिल फिरत असताना मात्र हातमोजे काढायला हवेत, हे सांगायचे राहून जाते. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर लगेच वेल्डिंग केले किंवा ज्योत धरली, तर फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू तयार होतो. स्वच्छ करून मगच तापवायचे असल्याने ही चूक नेमक्या काळजीपूर्वक काम करणाऱ्याच्याच हातून घडू शकते. हा इशारा प्रत्येक कार्यशाळेच्या भिंतीवर असावा.

परीक्षेत या विषयाला स्वतंत्र गुण असावेत, ही माझी मुख्य मागणी आहे. बोल्ट निघाला की नाही, एवढ्यावर ते गुण देऊ नयेत. विद्यार्थ्याने काम सुरू करण्यापूर्वी बोल्ट का तुटला असावा, तो कोणता उपाय आधी करणार आणि तो फसला तर पुढचा कोणता, हे लिहून द्यावे; काम झाल्यावर आट्यांची स्थिती गेजने तपासून दाखवावी. आणि एखाद्याने अर्ध्या वाटेवर थांबून, यापुढे गेल्यास हेड जाईल, हे काम ठिणगीच्या यंत्राकडे पाठवावे, असे कारणांसह सांगितले, तर त्यालाही पूर्ण गुण मिळावेत.

गॅरेजचालकांना एक विनंती आहे. निकामी ठरलेले हेड, मॅनिफोल्ड किंवा ब्लॉक भंगारात देण्यापूर्वी जवळच्या प्रशिक्षण संस्थेला विचारावे. त्यातील तेल आणि पाणी काढून टाकावे, पण तुटलेले बोल्ट जसेच्या तसे राहू द्यावेत आणि ते कसे तुटले हे माहीत असल्यास चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे.

आपला विश्वासू,
एक यंत्रशाळा शिक्षक